तीस टक्के गैरहजर

सोमवार, २ डिसेंबर १९७४

परिपत्रक आले. गणित मुलांच्या जीवनातून शिकवावे. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातून किंवा परिसरातून एक उदाहरण आणावे आणि वर्गाने ते सोडवावे. जानेवारीत शिक्षण खात्याचे साहेब ठाण्याहून येऊन एक आदर्श पाठ बघणार आहेत. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बोट दाखवले. मी इथे दीड वर्ष आहे, अजून कायम नाही. कायम नसलेल्या माणसाकडे बोट दाखवायला सोपे जाते.

नव्या अभ्यासक्रमाची ही दहावीची पहिलीच तुकडी. नव्या गणितातला संचांचा भाग अजून संपला नाही, मार्चमध्ये परीक्षा, आणि आता जीवन.

मिरजेला आम्ही शिकलो तेव्हा जीवन वर्गाबाहेर असे. तिथे ते बरे होते.

गुरुवार, ५ डिसेंबर

उदाहरणे आली. रघूने पहिला हात वर केला. त्याचे वडील निजामपुऱ्यात लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आहेत.

"सर, माझा बाप चार लूम बघतो. धागा तुटला की शिवी देतो. तर एका शिफ्टमध्ये शिव्या किती?"

वर्ग हसला. मी विचारले, धागा तासाला किती वेळा तुटतो.

"वो तो सूत कसं आलंय त्याच्यावर है सर. आणि शेठ समोर असला तर तुटला तरी शिवी नाही."

काशीने विचारले, अंबाडीच्या एसटीत माणसे किती मावतात. मी म्हणालो, पाटीवर लिहिलेले असते. ती म्हणाली, पाटी कोण वाचतो, कंडक्टर कोण आहे ते बघायचं.

म्हणजे प्रत्येक उत्तर कशावर तरी अवलंबून. यांच्या जीवनात एकही स्थिर राशी नाही.

शेवटी तुळजा उभी राहिली. वाडा रस्त्यावरच्या एका गावातून येते. वर्गात पहिली, बोलते कमी.

"सर, लग्नघर आहे. घरात तांदूळ ठरलेला आहे. गावाला आवतण चूलबंद आहे. तांदूळ पुरेल का?"

चूलबंद म्हणजे काय ते मला विचारावे लागले. ज्या घराला तसे आवतण जाते तिथे त्या दिवशी चूल पेटत नाही. घरातले सगळे, म्हातारे, पोरे, सगळे लग्नघरी जेवतात. घरटी एका माणसाचे आवतण वेगळे. ते कमीपणाचे.

बरे झाले. निदान एक उदाहरण तरी आकड्यांचे निघाले. आकडे घेऊन ये म्हणालो.

बुधवार, ११ डिसेंबर

तुळजाने आकडे आणले, पण पायलीत आणि मणात. मेट्रिक पद्धत येऊन किती वर्षे झाली हे मी वर्गाला सांगितले. रघू म्हणाला, सर, भाताला अजून सांगितलं नसेल.

सगळे किलोत करून घेतले. पूर्ण तास त्यात गेला.

शिक्षकांच्या खोलीत जानकीबाईंनी विचारले, काय चाललंय तुमच्या वर्गात, मुली लग्नाबिग्नाचं बोलतायत. जानकीबाई भूगोल शिकवतात आणि मुलींच्या सगळ्या भानगडी त्यांच्याकडे असतात. मी त्यांना उदाहरण समजावून सांगितले.

"लग्न कोणाचं आहे?" त्या म्हणाल्या.

"उदाहरणाला त्याची गरज नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग चहा प्यायल्या.

सोमवार, १६ डिसेंबर

उदाहरण सुटले. गावात साठ उंबरे. उंबऱ्याला सरासरी सहा माणसे, म्हणजे तीनशे साठ. वऱ्हाड दीडशे. एकूण पाचशे दहा. हळदीचे एक जेवण, लग्नाचे एक. माणशी एका जेवणाला पाव किलो तांदूळ. लागतो दोनशे पंचावन्न किलो. घरात आहे दोनशे. कमी पडतो पंचावन्न.

तुळजाने फळ्यावर स्वतः मांडले. अक्षर चांगले आहे. उत्तराखाली दोन रेघा ओढल्या आणि वळून हसली. उत्तर तुटीचे आल्यावर हसणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहिली.

"सर, हे बरोबर आहे ना? शाळेत काढलंय असं घरी सांगू?"

सांग म्हणालो. गणित घरापर्यंत जावे हेच परिपत्रकात आहे.

शुक्रवार, २० डिसेंबर

चाचणी परीक्षा. तुळजा पहिली, पन्नासपैकी शेहेचाळीस. बाकीच्यांबद्दल लिहीत नाही.

तास संपल्यावर ती टेबलाशी आली. "सर, पुढच्या भातावर गेलं."

"काय गेले?"

"लग्न. नवा तांदूळ आला की, पुढच्या मार्गशीर्षात."

"कधीही होवो. आपले उदाहरण त्याने बदलत नाही."

"नाही सर."

ती गेली. दारातून बाहेर पडताच पळाली. व्हरांड्यात पळू नये हे दहावीच्या मुलींना सांगावे लागते.

शुक्रवार, ३ जानेवारी १९७५

आदर्श पाठासाठी मुख्याध्यापकांनी तुळजाचे उदाहरण निवडले. ग्रामीण आहे, सांस्कृतिक आहे, साहेबांना आवडेल म्हणाले.

मी आज ते पुन्हा तपासले आणि मला स्वतःचाच राग आला. पाचशे दहापैकी पाचशे दहा येतील हे गृहीत धरले होते. असे जगात कुठे होत नाही. कोणी आजारी असते, कोणी लूमच्या शिफ्टला असते, कोणी रुसलेले असते. प्रत्यक्ष जीवनाचे गणित करायचे तर गृहीते प्रत्यक्ष हवीत. नाहीतर ती पुस्तकातली हौदाची आणि नळांची गणिते काय वाईट होती?

उपस्थितीचे प्रमाण कुठून आणायचे? माझ्याजवळ एकच खात्रीचा पुरावा आहे, वर्गाचे हजेरीपत्रक. वर्षाची सरासरी काढली. सत्तर टक्के. माणसे बोलावली की सत्तर टक्के येतात.

पाचशे दहाचे सत्तर टक्के तीनशे सत्तावन्न. तांदूळ लागतो एकशे साडेअठ्ठ्याहत्तर किलो. साडेएकवीस किलो उरतो.

उत्तर पूर्ण फिरले. समाधान वाटले. सोमवारी वर्गात करून घेईन.

सोमवार, ६ जानेवारी

तालीम केली. सत्तर टक्के म्हटल्यावर तुळजा उठली.

"सर, तसं नाय चालत. चूलबंद आहे."

"चूलबंद असले तरी सगळेच येतात असे नाही. तुझ्या गावात कोणी आजारी पडत नाही?"

"पडतात. पण सर, जो येत नाही त्याचं—"

"जो येत नाही तो जेवत नाही. बस."

ती बसली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. हुशार मुलांची हीच अडचण. पहिले उत्तर स्वतःचे असले की दुसरे पटत नाही.

रघू म्हणाला, "सर, शाळेत सत्तर टक्के येतात कारण इथं जेवण नाही."

त्याला बाहेर उभे केले.

शुक्रवार, १० जानेवारी

पाठ झाला. चांगला झाला.

साहेब पहिल्या बाकावर. पालकांनाही बोलावले होते, आले सहाच. मागच्या बाकावर पांढऱ्या टोप्या घातलेले दोघे बसले होते. एक तुळजाचे वडील, केसरीनाथ. दुसरे चांगदेव म्हणून, गणेशपुरीकडचे, त्यांचे व्याही की होणारे व्याही.

मी दोन्ही मांडण्या फळ्यावर घेतल्या. डावीकडे भाबडे गृहीत, पंचावन्न किलो तूट. उजवीकडे वास्तव गृहीत, साडेएकवीस किलो शिल्लक. डावी मांडणी तुळजाने सांगायची होती. ती इतक्या हळू बोलली की साहेबांना ऐकू गेले नाही. मीच सांगितले. मग उजवी घेतली.

साहेब उठून टाळ्या वाजवत म्हणाले, हे खरे गणित. रूढी आणि वास्तव यांतला फरक मुलांना कळला. आदर्श पाठांची पुस्तिका काढणार आहोत, त्यात हे उदाहरण घेऊ.

मागे चांगदेव जोरात हसले आणि केसरीनाथांच्या मांडीवर थाप मारली. "ऐकलं का केसरीनाथ? उरतो म्हंतात!"

पाठ संपल्यावर सगळे पालक मला भेटले. केसरीनाथ भेटले नाहीत. मुलीच्या उदाहरणावर शाळेने एवढी मेहनत घेतली. आभार सोडा, साधा नमस्कारही नाही.

मंगळवार, २१ जानेवारी

संक्रांतीपासून तुळजा गैरहजर. परीक्षा दोन महिन्यांवर. तिलाही आता त्या तीस टक्क्यांत जायचे आहे असे दिसते.

सोमवार, २७ जानेवारी

गैरहजर.

काशीला विचारले. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, तिच्या घरी काम आहे सर. मी म्हणालो, काम सगळ्यांच्याच घरी असते. काशी म्हणाली, असं नाय.

या मुलींकडून पूर्ण वाक्य काढणे म्हणजे विहिरीतून घागर काढण्यापेक्षा कठीण.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मुख्याध्यापकांनी सांगितले, साहेबांचा शेरा उत्तम आला आहे, जूनमध्ये तुमचे कायमचे होईल. मी शिक्षकांच्या खोलीत येऊन जानकीबाईंना सांगितले. त्यांनी अभिनंदन केले नाही.

"तुळजा परीक्षेला बसत नाही. कळलं ना?"

मी म्हणालो, का बसत नाही, पहिली येणारी मुलगी आहे.

"अठरा मार्चला तिची हळद आहे."

अठरा मार्चला गणिताचा पेपर आहे.

"कोणी सांगितले?"

"अहो, नवरीच ती. तुम्ही दोन महिने कोणाचा तांदूळ मोजत होता?"

मी म्हणालो, लग्न पुढच्या मार्गशीर्षात गेले होते.

"गेलं होतं," जानकीबाई म्हणाल्या. "तुम्ही परत आणलंत."

मला राग आला. तिने सांगायला नको होते का? माझ्याजवळ नाही, निदान यांच्याजवळ. जानकीबाई म्हणाल्या, मुलगी घरातही असं तोंड उघडून बोलत नाही हो, तुमच्याजवळ काय बोलणार, तिला जेवढं बोलता आलं तेवढं ती फळ्यावर बोलली.

त्या असे काही बोलतात आणि भूगोलाच्या तासाला निघून जातात.

रविवार, ९ फेब्रुवारी

तुळजाच्या गावी गेलो. एसटी अंबाडीच्या अलीकडे सोडते, मग चालत. शेते रिकामी, खुंट तेवढे राहिलेले.

केसरीनाथ अंगणात खाटेवर बसले होते. उठले.

"या मास्तर. आक्का, पानी आन."

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आतूनच म्हणाली, "मास्तरला पानी कशाला? तांदूल दे. साडेएकवीस किलो उरलाय ना."

मी बसलो. सरळ मुद्द्यावर आलो. परीक्षेच्या दिवशी हळद का ठेवली, असे विचारले.

"मी कुठं ठेवली? चांगदेवनं ठेवली. त्याची भावजय, गोदूबाय, आजारी हाय. घरात भाकरी थापाया बाईमानूस न्हाय. त्याला आजच सून पायजे."

"लग्न पुढच्या वर्षावर गेले होते ना?"

केसरीनाथांनी ओटीकडे बघितले. मग म्हणाले, "पोरीनं सांगितलं, बाबा, शालंत काढलं, तांदूल पुरत न्हाय. मला काय समजत न्हाय मास्तर? पंचावन्न किलो तांदूल उसना मिलत न्हाय काय? या आक्काच्याच घरी हाय. पन बोललो, हां, बरोबर हाय. चांगदेवला जाऊन सांगितलं, बाबा, शालंतून गनित आलंय. चूलबंद तं करायलाच पायजे, एकुलती पोर हाय, आनि तांदूल पुरत न्हाय. पुढच्या भातावर बगू. तो गप बसला. शालेच्या फल्यापुढं कोन बोलनार?"

"मग तो पाठाला कसा आला?"

"मीच आनला. त्याला खरं वाटत नव्हतं. बोललो, चल, डोल्यानं बग." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आनि तुमी व्याह्यासमोर साडेएकवीस किलो उरवलंत."

मी म्हणालो, गृहीत चुकीचे होते, पाचशे दहाच्या पाचशे दहा माणसे येत नाहीत.

"न्हाय येत," केसरीनाथ म्हणाले.

"मग माझे काय चुकले?"

तुळजा ओटीवर सूप घेऊन बसली होती. मी आल्यापासून तिने वर बघितले नव्हते. आताही बघितले नाही.

"सर, जो येत नाही त्याचं ताट घरी जातं."

"म्हणजे?"

"त्याची चूल बंद असते ना. आजारी असेल, शिफ्टला असेल, भांडण असलं तरी. वाढून घरी पाठवतात. नाही पाठवलं तर वर्षभर नाव निघतं. म्हणून सगळ्यांचं धरावं लागतं."

मग म्हणालो, "हे तू वर्गात का सांगितले नाहीस?"

"तुम्ही बस म्हणालात."

सुपाचा आवाज चालू राहिला. आक्काने पाणी आणून ठेवले.

म्हणजे उपस्थिती कितीही असो, तांदूळ तेवढाच. सत्तर टक्क्यांचा तिथे काही संबंधच नव्हता. दोनशे पंचावन्न. डावीकडची मांडणी बरोबर होती.

केसरीनाथांना तसे सांगितले. ते म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? मला आदीपासनं म्हाईत हाय. चांगदेवला सांगा."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चांगदेवकडे जावे की नाही याचा विचार करतो आहे. गेलो तर बाहेर पसरणार: आदर्श पाठात मास्तरांनी चुकीचे गणित केले, साहेबांनी त्याला टाळ्या वाजवल्या. साहेबांच्या कानावर जाणारच. जूनचे कायम होणे माझे आहे, साहेबांचा शेरा त्यांचा आहे, आणि त्यांचा शेरा चुकीचा ठरणे त्यांना आवडणार नाही.

शिवाय एक पोरगी. अशा प्रत्येक वर्षी जातात. हे लिहिले आणि पुन्हा वाचले. खोडत नाही, असू दे.

माझ्या खोलीखालच्या कारखान्यात लाईट गेली आहे. लूम थांबले की डोक्यात काय काय चालले आहे ते ऐकू येते. लाईट यायला हवी.

रविवार, १६ फेब्रुवारी

केसरीनाथांबरोबर चांगदेवकडे गेलो. गणेशपुरीच्या अलीकडे त्यांचे घर आणि दारातच किराणा दुकान. गोदूबाई आत खाटेवर होत्या. खोकला ऐकू येत होता. नवरा मुलगा पंढरी दुकानात होता. चांगला दिसला. मला नमस्कार करून आत गेला.

चांगदेवनी खुर्ची पुसून दिली. "या, या. उरवनारे मास्तर! आमच्या वऱ्हाडातले पंचेचालीस जन तुमी घरी ठेवलंत. कोन कोन ते तरी सांगा, म्हंजे मी त्यांना आवतनच देत न्हाय."

दुकानातली माणसे हसली. ती हसून होईपर्यंत थांबलो. मग म्हणालो, "माझे गणित चुकले. तुळजाचे बरोबर होते. तांदूळ पुरत नाही."

"फल्यावर तं पुरत होता."

"फळ्यावर मी चुकलो."

"आनि ते साहेब? ते टाल्या वाजवत होते."

"तेही चुकले."

चांगदेव केसरीनाथांकडे बघून म्हणाले, "मास्तर पढवून आनलास काय रं?" केसरीनाथ दुकानातल्या बरण्या बघत होते.

मी ताटाचे सांगितले. त्यांना ते अर्थात माहीत होते. त्या दिवशी फळ्यासमोर बसलेल्या प्रत्येक गावकऱ्याला माहीत होते. मग कोणी बोलले का नाही, असे विचारले, तर म्हणाले, "आमाला वाटलं, शालंत तसं असंल."

मग ते सरसावून बसले. "किती कमी पडतो?"

"पंचावन्न किलो."

"बस? आमी आनतो पंचावन्न किलो. सोयरिकीत कसलं तुजंमाजं? झालं. हलद अठरालाच."

केसरीनाथांनी माझ्याकडे बघितले. माझ्याजवळ आणखी एकही आकडा नव्हता. पाचशे दहा, पाव किलो, दोन जेवणे, सगळे संपले होते. मला इतका संताप आला की मी उभाच राहिलो.

"अठराला तिचा गणिताचा पेपर आहे. ती पहिली येणारी मुलगी आहे. तिला परीक्षेला बसू द्या."

दुकानातली माणसे चांगदेवकडे बघू लागली.

"आँ?" चांगदेव म्हणाले. "मंग असं बोला ना! दोन म्हैने तांदूल, तांदूल, तांदूल. पोर तांदूल, बाप तांदूल, मास्तर तांदूल. कोनी बोललं काय मला, पेपर हाय म्हनून?" ते केसरीनाथांवर घसरले. "तू बोललास?"

"पोरीच्या बापानं कसं बोलावं?" केसरीनाथ म्हणाले. "तू बोलशील, पोर शिकवून मोठी करतोय, आमच्यात द्यायची न्हाय."

"बोललो असतो!" चांगदेव म्हणाले. "बोललो असतो आनि ऐकलं असतं."

आतून गोदूबाईंनी खोकत खोकत काहीतरी सांगितले. चांगदेव उठून आत गेले. बराच वेळ तिथे दोघांचे आवाज येत होते. बाहेर आले ते हात झटकत.

"वैशाख. त्याच्यापुढं एक दिस न्हाय. भावजय म्हंते, माजा खोकला पेपराला थांबल, मार्गशीर्षाला न्हाय थांबनार."

परतताना एसटीत केसरीनाथ म्हणाले, "मास्तर, मार्गशीर्ष होता आपल्याकडं."

मला माहीत आहे. ती कॉलेजच्या पहिल्या वर्षात असती.

गुरुवार, २० फेब्रुवारी

साहेबांना पत्र लिहिले. आदर्श पाठातले उजवीकडचे गृहीत चुकीचे आहे, पुस्तिकेत डावी मांडणी घ्यावी. चूलबंद आवतण आणि घरी जाणारे ताट दोन ओळींत समजावले. मुख्याध्यापकांनी वाचले आणि विचारले, हे पाठवायलाच हवे का, जून झाल्यावर पाठवा. मी आजच टपालात टाकले.

तुळजा सोमवारपासून येते आहे. चुकलेले संच शिकवावे लागतात. वैताग आहे, पण लवकर समजते.

मंगळवार, ११ मार्च

उत्तर आले. पुस्तिका छापखान्यात गेली आहे, बदल शक्य नाही. तसेच, सर्वांनी शंभर टक्के उपस्थित राहण्याचे आपले गृहीत वास्तवाला धरून वाटत नाही.

म्हणजे आता जिल्हाभर मुले तीस टक्के माणसांना उपाशी ठेवून गणित सोडवतील.

माझ्या नेमणुकीबद्दल पत्रात काही नाही. ते नसण्याचा अर्थ कळतो.

मंगळवार, १८ मार्च

गणिताचा पेपर. केंद्राबाहेर उभा होतो. केसरीनाथही होते, हातात पिशवी. आत काय आहे विचारले तर म्हणाले, भाकऱ्या, पोर उपाशी असंल.

तुळजा बाहेर आली ती चिडून.

"सर, पाचवा प्रश्न चुकला होता."

"प्रश्न चुकत नाही. तू चुकलीस."

"नाही सर. माहिती अपुरी होती. कोण धरायचं ते दिलंच नव्हतं. मी तसं लिहून ठेवलं आणि दोन्ही उत्तरं काढली."

तिचे म्हणणे बरोबर निघाले. परीक्षकाला समजले नाही तर गुण जातील. मी तिला ते सांगितले नाही. केसरीनाथांनी भाकरी काढून दिली. तिघांनी रस्त्याकडेला उभे राहून खाल्ली.

रविवार, ११ मे

केसरीनाथ स्वतः येऊन आवतण देऊन गेले. दारात उभे राहून म्हणाले, चूलबंद.

मी म्हणालो, माझी चूल म्हणजे एक स्टोव्ह.

"तो बंद," ते म्हणाले.

रविवार, १८ मे

लग्नाला गेलो नाही.

कारण होते. अकरावीच्या पेपरांचे गठ्ठे तपासायचे होते. शिवाय मुख्याध्यापकांनी काल सांगितले, जूनमध्ये तुमची जागा भरण्याबाबत वरून काही आले नाही, तुम्ही दुसरीकडेही अर्ज करून ठेवा. अशा मनाने मांडवात जाऊन बसायचे, चांगदेवचे विनोद ऐकायचे. नको वाटले. पाचशे दहांत एक माणूस कमी, कोणाला कळणार?

दुपारी स्टोव्ह पेटवायला गेलो. रॉकेल संपले होते. तसाच पेपर तपासत बसलो.

संध्याकाळी जिन्यावर पावले वाजली. रघू. नवा शर्ट, कपाळावर अक्षता चिकटलेल्या, हातात फडक्यात बांधलेला पितळी डबा. एसटीत मांडीवर घेऊन बसलो, म्हणाला, सांडला नाही.

"सर, तुम्ही का नाही आलात? सगळे विचारत होते. चांगदेवकाका म्हणाले, मास्तर तीस टक्क्यांत गेले."

डबा उघडला. भात, वाल, आमटी, वर वेगळ्या द्रोणात बुंदी. भात अजून कोमट होता.

"कोणी पाठवला?"

"तुळजानं. हळदीच्या हातानं स्वतः भरला. आक्का ओरडत होती, नवरीनं उठायचं नसतं म्हणून." रघू दाराशी थांबून आठवू लागला. "आणि सांगितलंय, सरांना सांग, मी धरलं होतं त्यांना."

त्याला बस म्हणालो. दोन ताटल्या काढल्या. डबा दोघांना पुरला.